आज वारा किती प्यायला?

देवासच्या आमच्या घरमालकांनी खोली दाखवण्याआधी मला गच्ची दाखवली. मला वाटलं, धुणं वाळत घालायची जागा दाखवतायत. कसलं काय! गच्चीच्या मधोमध लाकडी चौकटीवर एक भला मोठा पसरट लोखंडी टब मांडलेला, वर कोंबड्यांच्या खुराड्याला असते तशी जाळी, आणि आत वीतभर नितळ पाणी.

"सूनबाई," ते म्हणाले, "घर आपलंच समजावं. मोरी, अंगण, गच्ची, सगळं वापरावं. ह्या पात्राला मात्र हात लावायचा नाही. त्यातलं पाणी काढायचं नाही, त्यात ओतायचं नाही, आणि त्यावर झाकण तर कधीच घालायचं नाही."

"मग हे पाणी ठेवलंय कशाला?"

"वाऱ्याला प्यायला," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि जिना उतरून गेलेसुद्धा.

मी कराडची, दोन नद्यांच्या काठावर वाढलेली. पाणी जपून वापरायचं असतं हे मला लग्नानंतर, ह्यांच्या कारखान्यातल्या नोकरीपायी देवासला आल्यावर कळलं. इथं नळ एक दिवसाआड यायचा, आणि आला की अख्खी गल्ली हातातलं काम टाकून त्याच्यामागे धावायची. डाळीतांदळाचे डबे रिकामे करून त्यात पाणी भरताना मी ह्या शहरात बायका पाहिल्यात. आणि आमच्या डोक्यावर हे गृहस्थ टबभर पाणी वाऱ्याला पाजत बसलेले! सुरुवातीला तर मला त्यांचं तोंड बघावंसं वाटायचं नाही.

एकदा मुलगा तापानं फणफणला होता. टाकी कोरडी, टँकरचा पत्ता नाही. मी तांब्या घेतला आणि सरळ गच्चीवर गेले. जाळी उचलली तेवढ्यात मागून आवाज आला, "सूनबाई, थांबावं." स्वतःच्या घरातली पिण्याच्या पाण्याची कळशी घेऊन ते धापा टाकत जिना चढून आले होते. ती माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "ही न्यावी. आम्हाला आज नसलं तरी चालेल. त्याला नसलं तर नाही चालायचं."

त्याला म्हणजे वाऱ्याला! कप्पाळ माझं, असं मनात म्हणत मी कळशी उचलली. पण खरं सांगते, त्या दिवसापासून त्यांच्यावर चिडणं मला पूर्वीसारखं जमेना.

ते मूळचे धारचे. पवारांच्या दरबाराबरोबर तिकडे गेलेल्या घराण्यातले, त्यामुळे बोलणं असं जुन्या वळणाचं, यावं-बसावं-घ्यावंचं. गल्लीतली माणसं त्यांना दासाब म्हणत, म्हणजे दादासाहेब. मी काका म्हणायचे. सिंचाई खात्यातून ते रिटायर झाले होते. नोकरी काय, तर धरणाच्या काठी असाच टब ठेवायचा आणि त्यातलं किती पाणी उडालं ते रोज मोजायचं. धरणातलं पाणी लोकांना किती मिळणार आणि किती नुसतं हवेत जाणार, याचा अंदाज त्या टबावरून लागतो म्हणे. नोकरी संपल्यावर माणसं घड्याळ आणतात, गणपतीची मूर्ती आणतात. ह्यांनी खात्यानं मोडीत काढलेला टब मागून आणला.

रोज सकाळी आंघोळ झाली की पितळी माप घेऊन ते वर जायचे. टबात एक टोकदार सुई उभी केलेली होती. पाणी त्या टोकाला टेकेपर्यंत मापानं ओतायचं. जितकं ओतावं लागलं, तितकं काल उडालं. ओतताना श्वास रोखून धरायचे. मी बाजूला कपडे झटकले तरी डोळे वटारायचे.

खाली आले की लगेच धाकट्या बहिणीला फोन. तिला सगळे माई म्हणत. पलीकडून हॅलो वगैरे काही नाही, थेट प्रश्न यायचा, "दादा, आज वारा किती प्यायला?" फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं. ते आकडा सांगायचे. मग माई म्हणायच्या, "पोट भरलं का मेल्याचं?" आणि दोघं म्हातारी लहान मुलांसारखी हसायची.

हा त्यांचा लहानपणापासूनचा खेळ होता. धारला त्यांचं घर एका तलावाच्या काठी होतं. उन्हाळ्यात पाणी घाटाच्या पायऱ्या एकेक करून सोडायला लागलं, की त्यांचे वडील म्हणायचे, वारा पिऊन गेला रात्री. मग ही दोघं भावंडं उठल्याउठल्या पळत घाटावर जायची, आज कुठली पायरी उघडी पडली ते बघायला. माई पुढं मनावर नावाच्या गावी शाळेत बाई झाल्या, लवकर विधवा झाल्या, मूलबाळ नव्हतं, पण हा सकाळचा प्रश्न काही सुटला नाही.

"पण काका, पाणी तर उन्हानं आटतं ना?" मी एकदा विचारलं. झालं! त्यांनी मला बसवलं, दोन बश्यांत सारखा चहा ओतायला लावला. एक बशी कपाटाच्या आड, दुसरीसमोर टेबलफॅन. "सूर्य पाणी तापवतो, बस्स. उचलून नेतो तो वारा," ते म्हणाले. "पाण्यावर ओलसर हवेची गोधडी पडते. वारा नसला तर पाणी त्या गोधडीखाली निजून राहतं. वारा आला की ती ओढून काढतो. मग पाणी दुसरी पांघरतं, तो तीही ओढतो. असं चालतं दिवसभर." मी दुपारी बघितलं तर फॅनसमोरच्या बशीत नुसता तपकिरी डाग उरला होता. चांगला आल्याचा चहा होता, फुकट गेला.

ह्या वेडापायी त्यांच्या घरात एकही भांडं उघडं नसायचं. तांब्यावर फुलपात्र, बादलीवर ताट, हौदावर पत्रा. पंखा लावायचा असेल तर आधी घरभर फिरून झाकणं बघायचे. एवढंच नाही, दुसऱ्याच्या घरी गेले तरी बोलता बोलता उठून त्यांच्या बादल्या झाकायचे. धारला एका नातेवाइकाच्या लग्नात मंडपात पाण्याची मोठी पातेली होती आणि शेजारी भलामोठा कूलर. दासाबांनी कूलरचं तोंड भिंतीकडे वळवलं आणि सगळ्या पातेल्यांवर पत्रावळी अंथरल्या. वर काठी घेऊन पहाऱ्याला उभे. मुलीचे मामा हात जोडून आले, "दासाब, लोगां के पाणी तो पीवा दो!"

"पियो भिया, खूब पियो," काका म्हणाले, "हवा को मत पिलाओ."

साऱ्या घरात उघडं असं पाणी एकच, ते गच्चीतल्या टबातलं.

नोकरीतला एक किस्सा ते नेहमी सांगायचे, आणि सांगताना छाती फुगायची. एका धरणावर टबाशेजारी चौकीदारानं पपईचं झाड लावलं होतं. ह्यांनी पाहिलं मात्र, कुऱ्हाड मागवली. चौकीदार रडकुंडीला आला, त्याच्या बायकोनं लावलेलं होतं, फळं धरली होती. पण हे हटले नाहीत. "पात्राला मोकळा वारा पाहिजे," ते म्हणायचे. "आडोसा आला की पात्र खोटं बोलतं. आणि खोटं बोलणाऱ्या पात्रापेक्षा पात्र नसलेलं बरं." ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती की शेवटचं वाक्य आमचा मुलगाही त्यांच्याबरोबर म्हणायचा.

आणि त्यांच्याच अंगणात, पश्चिमेच्या भिंतीला लागून, तीन कडुलिंब होते. काकींनी लावलेले. काकी मी यायच्या आधीच गेल्या होत्या. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, सगळं काका त्या झाडांना घालायचे आणि घालताना काहीतरी पुटपुटायचे. आम्ही राहायला आलो तेव्हा झाडं गच्चीच्या कठड्याखाली होती. आमचा मुलगा शाळेत जायला लागला तोवर ती कठड्याच्या वर डोकावायला लागली. त्याला मिशा फुटल्या तोवर गच्चीवर अर्धी सावली. झाडं काय एका दिवसात वाढतात? रोज बघणाऱ्याला तर कधीच वाढलेली दिसत नाहीत.

त्याच वर्षांत काकांचं नवं पालुपद सुरू झालं. "सूनबाई, वारा म्हातारा झाला."

"म्हणजे हो?"

"वेग कमी झालाय त्याचा. पूर्वीसारखं पिणं होत नाही त्याला. दरवर्षी थोडं थोडं कमी पितोय." खात्यातल्या जुन्या मित्रांशीही ते बोलले होते. इतरही ठिकाणी मध्यंतरी वारा मंदावल्याचं त्यांनी ऐकलं होतं, तेव्हा त्यांची खात्रीच पटली. जन्मभर ज्या माणसानं फक्त गेलेलं पाणी मोजलं, त्याला पहिल्यांदाच काहीतरी चांगली बातमी हाती लागली होती. चेहरा असा खुलायचा त्यांचा! "पाऊस आपल्या हातात नाही. पण पडलेलं पाणी आता जास्त दिवस टिकेल. माळव्याला देवानं एवढं तरी दान दिलं."

मी पण शहाणी, त्यात भर घातली. म्हणाले, "खरंय काका, तुमच्या गच्चीवर हल्ली कपडे वाळतच नाहीत. पूर्वी धुणं टाकून खाली यायचा अवकाश, कडक व्हायचं. आता ह्यांची जीन्स संध्याकाळपर्यंत दमट." काकांनी टाळीच दिली. लगेच माईंना फोन, "माई, ऐकलंस? सूनबाईंचं धुणंसुद्धा साक्ष देतंय!"

देवासच्या बाहेर टेकड्यांवर तेव्हा पवनचक्क्या उभ्या राहत होत्या. आमच्या गच्चीवरून त्यांची पाती दिसायची. दूधवाल्यानं एकदा विचारलं, "बाबूजी, हवा बुड्ढी हो गई तो ये पंखे कायको लगा रिये हैं?" काकांनी टेकड्यांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "वो ऊपर की हवा है भिया. पानी तो नीचे रहता है." दूधवाला मान हलवून गेला. मलाही ते पटलं. त्यांचं सगळंच पटायचं हो, इतकी वर्षं रोज सकाळी कुणी खोटं कशाला मोजेल?

माई शाळेतून निवृत्त झाल्या आणि धारजवळच्या वडिलार्जित जमिनीवर राहायला गेल्या. उघडा माळ, एक खोली, एक विहीर, तीही दिवाळीनंतर तळ दाखवणारी. सगळ्यांनी वेड्यात काढलं. पुण्याचा पुतण्या फ्लॅटवर ये म्हणाला, काका देवासला ये म्हणाले. माईंनी एकच सांगितलं, "मला कुणाच्या दारात म्हातारपण काढायचं नाही. माझं मी पिकवीन, माझ्या खोलीत मरेन." त्यांनी पेरूची बाग लावायचं ठरवलं. इकडे त्याला जामफळ म्हणतात. पावसाळ्याचं पाणी साठवून ते पुढच्या पावसापर्यंत पुरवायचं, म्हणून शेततळं खणायला काढलं.

खणताना खाली काळा खडक लागला. आणखी खोल जायचं तर सुरुंग लावावे लागणार, नाहीतर तेवढंच पाणी मावावं म्हणून तळं आडवं पसरायचं. माईंनी भावाला विचारलं. दुसऱ्या कुणाला विचारणार? काका तो सगळा दिवस गच्चीवर टबाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. तळ्याचं तोंड जितकं मोठं तितकं वाऱ्याचं फावतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? संध्याकाळी त्यांनी फोन केला. "माई, पसरट कर. वारा आता तो राहिला नाही. पावसापर्यंत पाणी पुरेल, मी सांगतो." माईंनी सुरुंगवाल्याला परत पाठवलं.

पहिली वर्षं निभावली. झाडं लहान होती, त्यांची तहान लहान. माईंनी टोपलीभर पेरू पाठवले होते एकदा, आतून गुलाबी. काकांनी एक पेरू टबाच्या जाळीवर ठेवला होता, नैवेद्यासारखा. मला हसू आलं होतं.

मग बाग ऐन भरात आली आणि त्याच वर्षी, फाल्गुन सरता सरता, माईंचा सकाळचा प्रश्न बदलला. "दादा, तुझ्याकडं किती प्यायला?" आकडा ऐकून त्या हसेनात. म्हणायच्या, "माझ्याकडं फार पितोय रे."

"पन्नी फाटली असेल," काका म्हणायचे. तळ्याच्या तळाला प्लास्टिक अंथरलेलं असतं, त्याला तिकडे पन्नी म्हणतात. माईंनी ती हातानं चाचपून पाहिली. फाटली नव्हती. "मग कुणी चोरून मोटर लावत असेल." माई रात्ररात्र बांधावर बसल्या. कुणी येत नव्हतं. "मग तू झाडांना जास्त देतेस," काका चिडून म्हणाले. त्यावर माईंनी फोन ठेवला. तसं कधी झालं नव्हतं. दिवसभर काका जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "सूनबाई, धारला जाऊन यायचं आहे. गुडघे साथ देत नाहीत. आपण सोबत यावं."

इंदूरला बस बदलून आम्ही धारला गेलो, तिथून रिक्षानं माळावर. उतरलो आणि पहिल्यांदा काय उडालं असेल, तर माझा पदर. खांद्यावर राहीचना. एका हातानं पदर, दुसऱ्या हातानं पिशवी, डोळ्यांत धूळ. अगं बाई, काय तो वारा! कोरडा, गरम, एकसारखा, जरा म्हणून दम न खाणारा. पल्याडच्या कड्यावर पवनचक्क्या गरगर फिरत होत्या.

काका बांधावर चढले. एवढं मोठं तळं, आणि मधे पाणी उरलेलं जेमतेम अंगणाएवढं. पाणी जसजसं मागे सरलं होतं तशा काळ्या पन्नीवर मातीच्या रेघा उमटल्या होत्या, एकाखाली एक, घाटाच्या पायऱ्यांसारख्या. उरलेल्या पाण्यावर बारीक बारीक लाटा उठत होत्या. काकांची टोपी उडाली आणि त्या पाण्यात जाऊन पडली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कितीतरी वेळ ते नुसते वाऱ्याकडे तोंड करून उभे होते. मग वळून मला विचारलं, "सूनबाई, आपल्या गच्चीवर कपडे वाळेनासे कधी झाले?"

मी आपली पदराशी झटत होते. म्हणून गेले, "कडुलिंब कठड्याच्या वर गेले ना, तेव्हापासून. आणि शेजारच्यांनी तिसरा मजला चढवल्यावर तर विचारूच नका."

काका खाली बसले. बांधाच्या मातीवरच, पाय पसरून.

"पपईचं एक झाड," ते म्हणाले. "एवढंसं पपईचं झाड मी तोडायला लावलं त्या बिचाऱ्याला."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वारा म्हातारा झालाच नव्हता. मध्यंतरी कधी मंदावला असेल तर असेल, पण मोकळ्या माळावर तो पुन्हा उठला होता, आणि काकांना त्यांच्या आडोशात कळलंच नव्हतं. काकींच्या झाडांआड, पाण्यावर गोधडी पांघरून, टब इतकी वर्षं सुखानं खोटं बोलत होता. आणि माझं धुणं त्याला साक्ष देत होतं.

माई चहा घेऊन आल्या. स्टीलचे पेले, त्यांवर झाकलेल्या बश्या. काकांनी पेला घेतला नाही. "माई," ते म्हणाले, "पन्नी ठीक आहे. चोर नाही. तू पाणीही जास्त दिलं नाहीस. माझं पात्र आडोशाला होतं. मी चुकलो."

वाऱ्यानं एका पेल्यावरची बशी उडाली, ती माईंनी वाकून उचलली आणि पदरानं पुसली. मागे बाग उभी होती. पानं कडेनं वळलेली, सुपारीएवढी फळं खाली गळून पडलेली. मग अगदी सावकाश, वर्गात बोलावं तशा आवाजात त्या म्हणाल्या, "पाणी पुरेल, असं तू सांगितलं होतंस ना? मी ते माझ्या झाडांना सांगितलं होतं. आता तू जाऊन सांग त्यांना, नाही पुरणार."

रागानं बोलल्या होत्या त्या, दुसरं काय. पण काका उठले. आणि खरोखर गेले!

पहिल्या ओळीतल्या पहिल्या झाडापुढे जाऊन त्यांनी हात जोडले. काहीतरी बोलले. मग पुढच्या झाडापुढे. मग पुढच्या. मला आधी वाटलं दोनचार झाडं करतील आणि थांबतील, पण ते थांबेनात. गुडघे दुखत होते, ढेकळांत पाय मुरगळत होता, उघड्या डोक्यावर ऊन. वारा आमच्या दिशेनं येत होता, त्यामुळे मधूनच तुटक शब्द यायचे, "...नाही पुरणार हो... माझी गच्ची आडोशाला..." मी माईंकडे पाहिलं. म्हटलं, आता हाक मारतील, पुरे म्हणतील. त्या त्यांच्याकडे बघत उभ्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हाक काही मारली नाही. मीच शेवटी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. त्यांनी माझा हात सोडवला. "एक ओळ राहिली आहे, सूनबाई," म्हणाले.

बाग गेली. काय काय केलं नाही लोकांनी? बोअर मारून पाहिली, धूळ निघाली. टँकर त्या माळावर रोज कुठून येणार? ज्येष्ठ लागायच्या आत झाडांच्या काटक्या झाल्या.

देवासला परतल्यावर काकांनी लाकूडतोड्या बोलावला. मी भांडले, अगदी जिन्यात आडवी उभी राहून भांडले. "काकींनी लावलेली झाडं आहेत ती! आणि आता तोडून काय होणार? माईंची बाग परत येणार आहे?"

"नाही," ते म्हणाले.

"मग?"

"खरा आकडा काय होता, तो एकदा कळू दे मला."

तीनही कडुलिंब बुंध्यापर्यंत उतरवले. शेजारच्यांचा मजला होता तो होताच, पण पश्चिम मोकळी झाली आणि दुसऱ्याच सकाळी मी गच्चीचं दार उघडलं तर ते हातातून सुटून भिंतीवर आपटलं. सगळ्या गच्चीभर वारा. काका टबात माप ओतत होते. ओतलं, सुई उघडीच. आणखी एक ओतलं, तरी उघडीच. तिसऱ्यांदा ओतताना अर्धं पाणी जाळीवर सांडलं. ते खाली आले, फोन लावला. स्पीकरवर घंटी वाजत राहिली, वाजत राहिली. माईंनी उचलला नाही. तरी ते रोज लावायचे, आणि घंटी आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची.

पावसाळ्यानंतर माई देवासला राहायला आल्या. कुठं जाणार? एक ट्रंक, एक सूप, आणि तांब्याची एक कळशी. दारातच त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. "वहिनीची झाडं कुठं आहेत?"

"तोडली," काका म्हणाले.

"माझी वाळली, म्हणून तिची तोडलीस?" एवढंच म्हणून त्या जिन्याखालच्या खोलीत गेल्या. त्यानंतर त्या जेवायला या म्हणायच्या, औषध घेतलं का विचारायच्या, काकांचे गुडघेही चोळून द्यायच्या. वाईट असं एक अक्षर बोलल्या नाहीत. पण सकाळचा तो प्रश्न त्यांनी परत कधी विचारला नाही.

आता फोनची गरज नव्हती. काका गच्चीवरून उतरायचे आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, माईंच्या दाराशी, रिकामं माप हातात धरून थांबायचे. माई आत तांदूळ पाखडत असायच्या. ते थांबायचे, सूप चालत राहायचं, मग ते आपल्या खोलीत जायचे. रोज. मी समोर ओट्याशी उभी, सगळं दिसायचं मला. दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टीत तोंड घालू नये, मला कळतं. पण एका सकाळी ते नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले, भिंतीला हात टेकून, आणि मला राहवलं नाही.

मी स्वयंपाकघरातूनच विचारलं, "काका, आज वारा किती प्यायला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दाराकडेच बघत होते.

"सगळं," ते म्हणाले. "सगळं प्यायला गं, माई."

आत सुपाचा आवाज थांबला. मी पदर तोंडाशी धरून उभी राहिले. मग पुन्हा सुरू झाला.